वायुशक्तीचा व्हिडिओ बघताना धमाका सोडून काय बघायचं

वायुशक्ती, म्हणजे वायुसेनेचा बॉम्ब-मिसाईल डागायचा सराव, त्याच्या क्लिपा नागपुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिल्या, अन् लोक बघतात काय तर धूळ आणि आग. भाऊ, धमाका सगळ्यांचा सारखाच दिसतो. पायलटचं खरं काम त्याच्या आधीच्या आठ-दहा सेकंदांत असते.

सराव होतो राजस्थानात पोखरणच्या रेंजवर. 17 फेब्रुवारी 2024 ला झाला तेव्हा शंभरावर विमानं होती आणि राफेल पहिल्यांदाच आलं होतं. मोबाईलवर नका बघू, टीव्हीवर लावा, स्पीड कमी करा आणि नजर विमानाच्या पोटाखाली ठेवा.

आता बॉम्ब सुटला की तो सरळ खाली पडतो असं वाटतं ना, तसं नसते. समजा विमान ताशी 900 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 250 मीटरनं चाललं आहे आणि 300 मीटर उंचीवरून साधा बॉम्ब सोडला, तर तो खाली यायला जवळपास आठ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पुढे दोनेक किलोमीटर जातो, म्हणजे टार्गेट यायच्या बरंच आधी सोडावा लागतो. अन् गंमत बघा, विमान सरळच गेलं तर बॉम्ब फुटतो तेव्हा तेही जवळजवळ डोक्यावरच असते! म्हणून खूप खालून टाकायच्या बॉम्बला मागं ब्रेक असतो, कुठं छोटं पॅराशूट, कुठं उघडणारे पंख. बॉम्ब मागं राहतो, विमान निसटतं. पॉज करून तो क्षण शोधाच, सगळ्या व्हिडिओत मला तोच आवडतो.

लेझर गायडेड, म्हणजे लेझरच्या ठिपक्यावर जाणारा बॉम्ब असेल तर कॅमेऱ्यातलं काळं-पांढरं चित्र आणि मधे क्रॉस दिसते. तिथं बघायचं ते क्रॉस हलतो की नाही, कारण बॉम्ब लागेपर्यंत लेझर टार्गेटवर धरून ठेवावा लागतो, मग तो त्याच विमानातून असो, दुसऱ्या विमानातून असो की जमिनीवरच्या माणसाकडून. मधे ढग आला की खेळ बिघडला. 1999 ला कारगिल युद्धात टायगर हिलवर मिराज 2000 विमानानं असेच बॉम्ब टाकले होते. जीपीएसवर चालणाऱ्या बॉम्बला ढगाचं काही देणंघेणं नाही.

आवाजावरून अंतरही काढता येते. आग दिसली की मोजायला लागा, दर तीन सेकंदाला एक किलोमीटर, दिवाळीत लांबच्या गच्चीवरचा सुतळी बॉम्ब आधी दिसतो मग ऐकू येतो तसंच. आग दूर दिसते आणि आवाज त्याच क्षणी, तर समजा एडिट करून चिकटवला आहे.

अन् हो, नागपूरच्या वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आहे म्हणून व्हिडिओतली जग्वार ही बॉम्ब टाकणारी लढाऊ विमानं आपल्या इथूनच जातात असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका, ही कमांड देखभाल-दुरुस्तीची आहे, जग्वारच्या स्क्वाड्रन म्हणजे तुकड्या अंबाला, गोरखपूर, जामनगरला.

रात्रीच्या भागात विमानामागून पेटते गोळे सुटतात ते बॉम्ब नाहीत बरं, फ्लेअर आहेत, इंजिनाची उष्णता शोधत येणाऱ्या मिसाईलला चकवायला.