छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी: या चुका टाळा

रात्री दोनच्या सुमारास ठसका लागून जाग यायची. घशाशी कडू-आंबट पाणी, छातीच्या मधोमध आग. माझे वडील कित्येक वर्षं असे उठून बसायचे. उशाशी ॲण्टासिडची बाटली ठेवलेली असायची आणि उरलेली रात्र भिंतीला पाठ टेकून जायची. दिवसा त्यांचं खाणं अगदी बेताचं होतं. तिखट सोडलं होतं, तळलेलं सोडलं होतं, कॉफी एका कपावर आणली होती. तरी रात्र काही चुकत नव्हती. शेवटी फरक पडला तो जेवणाची वेळ आणि पलंगाचा उतार बदलल्यावर. पथ्य काटेकोरपणे पाळणारी माणसंच पुष्कळदा भलत्या ठिकाणी कष्ट घेत राहतात. हे मी घरात इतक्या जवळून पाहिलंय की त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

“मला ॲसिड फार होतं” हे गृहीत धरणं

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. जठरात आम्ल असायलाच हवं. ते चांगलंच तीव्र असतं, त्याचा पीएच (आम्लता मोजण्याचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो, म्हणून त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला असा थर नाही. दोघांच्या मध्ये जेमतेम ३-४ सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा पट्टा झडपेसारखं काम करतो आणि श्वासपटल त्याला बाहेरून आवळून धरतं. घास गिळला की झडप उघडते आणि लगेच मिटते. पण जठर ताणलं गेलं की ढेकर बाहेर पडावा म्हणून ती मधूनच सैल पडते. त्या ढेकरासोबत आम्लही वर येतं.

ज्यांना हा त्रास आहे त्यातल्या बहुतेकांच्या पोटात आम्ल इतरांइतकंच तयार होतं. फक्त ते नको तिथे पोचतं आणि तिथे जास्त वेळ राहतं. म्हणून विचारायचे प्रश्न तीन: झडप वारंवार का सैल पडते आहे, पोटावर दाब कशाने येतो आहे आणि वर आलेलं आम्ल लवकर खाली का जात नाही.

‘ॲसिडिटी’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पोट फुगलं, करपट ढेकर आले, डोकं दुखलं, सगळ्याला ॲसिडिटीच. जेवल्यावर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर छातीच्या हाडामागून वर चढणारी जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी, ही आम्ल वर येण्याची खूण. पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखं दुखत असेल तर अल्सर असू शकतो. त्यामागे अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि खाली लिहिलेल्या गोष्टींनी तो बरा होणार नाही.

जेवण झालं की लगेच अंथरूण

एकच सवय बदलायची असेल तर मी ही निवडेन. जेवणानंतर जठरात ताजं आम्ल सुटतं आणि त्यातलं बरंचसं अन्नात न मिसळता वरच्या वर, अगदी झडपेच्या खाली साचून राहतं. ताठ बसलेले असताना ते तिथेच थांबतं. आडवे झालात की झडपेवर लोटतं. त्यात जेवण तेलकट-तुपकट असेल तर जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो.

जागेपणी आम्ल वर आलंच तर आपण नकळत आवंढा गिळतो आणि लाळेतला क्षार उरलेलं आम्ल मारतो. झोपेत लाळ जवळपास सुटतच नाही आणि गिळणंही फार कमी होतं. त्यामुळे दुपारी पाच मिनिटांत निवणारी जळजळ रात्री अन्ननलिकेला तासभर पोळत बसते. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं ते यासाठी. कामावरून उशिरा परतणाऱ्यांना हे जड जातं, याची मला जाणीव आहे. त्यांनी मुख्य जेवण दुपारी करावं आणि रात्री थोडं, कमी स्निग्ध खावं. अंतर वाढवता आलं नाही तरी पोटातला भार नक्की कमी करता येतो.

उशांची चळत

वडील तीन उशा घेऊन झोपायचे. झोपताना मान आणि खांदे उंच असायचे, पहाटे पाहावं तर उशा बाजूला आणि ते कमरेत दुमडलेले. असं दुमडल्यावर पोट दाबलं जातं आणि आम्ल वर ढकललं जातं. म्हणजे उपायच उलटत होता.

आम्ही पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घातले, सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे. पलंगाचा पाय घसरू नये म्हणून ठोकळ्यांना वरून खोबण करून घेतली. पहिले दोन-तीन दिवस ते झोपेत पायथ्याकडे सरकत होते आणि कुरकुरतही होते. मग गुडघ्यांखाली पातळ लोड ठेवला आणि सरकणं थांबलं. आठवड्याभरात उशाशी बाटली असूनही तिला हात लागेनासा झाला. पलंग उचलणं शक्य नसेल तर फोमची उतरती उशी मिळते. ती कमरेपासून डोक्यापर्यंतचा सगळा भाग उचलणारी हवी, फक्त डोकं उचलणारी नको.

कुशीचाही फरक पडतो, आणि त्याला पैसाही लागत नाही. जठराचा मोठा भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपलं की आम्लाचं तळं झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर झडप त्यात बुडते. रात्रभर डावीकडेच राहणं कोणालाच जमत नाही. पण झोपताना डावी कुस धरली आणि जाग आल्यावर पुन्हा तिकडे वळलं तरी पुरतं.

छापील यादी पाहून सगळंच सोडून देणं

कॉफी, चॉकलेट, टोमॅटो, संत्रं-मोसंबी, कांदा, लसूण, पुदिना, तळलेलं, मद्य. ही यादी सगळीकडे सारखीच असते. ती खोटी नाही, पण सगळी यादी प्रत्येकाला लागू नसते. एकाला टोमॅटोचं सार चालतं आणि चॉकलेटच्या एका तुकड्याने छाती पेटते, दुसऱ्याचं नेमकं उलट. एका झटक्यात पंधरा पदार्थ सोडले की जेवण बेचव होतं, पोषण घटतं, आणि महिन्याने कंटाळून सगळं परत सुरू होतं. यांपैकी खरा दोषी कोण, ते तर कळलेलंच नसतं.

दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, जळजळ कधी झाली, त्या वेळी बसला होतात, वाकला होतात की झोपला होतात. संशयित पदार्थ एका वेळी एकच थांबवा, दोन आठवड्यांनी परत खाऊन पाहा. पुष्कळांना वहीतून कळतं की पदार्थापेक्षा ताटातलं प्रमाण जास्त नडतं. तोच पदार्थ दुपारी थोडा खाल्ला तर निमूट पचतो आणि रात्री पोटभर खाल्ला तर घशाशी येतो.

जेवण टाळून आम्ल कमी होईल, या समजुतीनेही घात होतो. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी दुप्पट जेवतो, जठर ताणतं आणि झडप सैल पडते. त्यापेक्षा थोडं थोडं, ठरावीक वेळी आणि चावून खाल्लेलं बरं.

आराम देतात असं वाटणारे उपाय

थंड दूध प्यायल्यावर बरं वाटतं, कारण ते आम्ल तात्पुरतं सौम्य करतं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, आणि साय असलेलं दूध पोटात रेंगाळतं. झोपताना ग्लासभर दूध घेणाऱ्यांना मध्यरात्री परत जळजळ होते ती त्यामुळे.

पुदिन्याच्या गोळीने तोंड गार होतं, पण पुदिना झडप सैल करतो. जेवणानंतर च्युइंगगम चघळायला हरकत नाही, त्याने लाळ वाढते आणि आम्ल खाली धुऊन जातं. फक्त ते पुदिन्याचं नको. फसफसणारी पेयं घेतल्यावर मोठा ढेकर येतो आणि हलकं वाटतं. मात्र तो वायू आपणच आत घातलेला असतो आणि बाहेर पडताना तो आम्लालाही सोबत आणतो.

खाण्याचा सोडा आम्ल मारतो हे खरं. पण त्यातून एकदम वायू सुटतो आणि अंगात भरपूर सोडियम जातं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि तुडुंब जेवणावर तर कोणीच घेऊ नये. लिंबूपाणी किंवा व्हिनेगर ‘पोटात जाऊन क्षारयुक्त होतं’ हेही खरं नाही. दोन्ही आम्लच आहेत आणि आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतात.

गोळी चालू आहे, तरी फरक नाही

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातल्या गोळ्या उत्तम आहेत, पण निम्मा फायदा त्या घेण्याच्या वेळेवर ठरतो. जठरातले आम्ल सोडणारे पंप जेवताना जागे होतात आणि गोळी फक्त जाग्या पंपांनाच बंद करू शकते. ती रक्तात थोडेच तास टिकते. म्हणून यातल्या बहुतेक गोळ्या जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायच्या असतात. झोपताना रिकाम्या पोटी घेतली की ती बरीचशी वाया जाते. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे ‘त्रास झाला की एक’ अशी घेऊन तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तात्काळ आरामासाठी ॲण्टासिड असतं. अल्जिनेट असलेलं औषध जेवणानंतर घेतलं तर जठरातल्या अन्नावर तराफ्यासारखं तरंगतं आणि झडपेखालच्या आम्लावर झाकण धरतं.

उलट टोकाची चूक म्हणजे महिनोन्महिने घेतलेली गोळी एका दिवसात बंद करणं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांना घेतलं होतं. त्यांतल्या ज्यांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवली, त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना नंतर आम्लाचा त्रास सुरू झाला. नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. औषध बंद केल्यावर आम्ल काही काळ उसळून येतं आणि माणसाला वाटतं की आपल्याला आयुष्यभर गोळीच हवी. डॉक्टरांशी बोलून मात्रा हळूहळू उतरवली तर हा टप्पा पार होतो. पण अन्ननलिकेला जखमा असल्यामुळे ज्यांना गोळी सांगितली आहे त्यांनी ती आपल्या मनाने थांबवू नये.

घरातल्या इतर गोळ्यांवरही एकदा नजर टाका. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अस्तराला इजा करतात. रक्तदाबाची आणि छातीच्या दुखण्याची काही औषधं झडप सैल करतात. हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेतच अडकून भाजते. अशी गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि निदान अर्धा तास ताठ बसा.

कमरेभोवतीचा दाब

घट्ट पट्टा, पोट आवळणारे कपडे, जेवल्याजेवल्या वाकून आवराआवर, पोटाचे व्यायाम. दाब कुठून येतो ते शोधलं की सापडतं. वाढलेलं पोट हा तर चोवीस तासांचा दाब. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २००६ साली पुढे आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३.५ पेक्षा जास्त वाढला त्यांच्यात, वजन न बदललेल्यांच्या तुलनेत, वारंवार जळजळ होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट झाली, मूळ वजन अगदी योग्य असलेल्या स्त्रियांमध्येसुद्धा. १६० सेंटिमीटर उंचीला ३.५ ची वाढ म्हणजे सुमारे नऊ किलो. म्हणजे ‘मी काही लठ्ठ नाही’ म्हणून हा मुद्दा सोडून देऊ नका. गेल्या काही वर्षांत किती वाढलं ते पाहा.

धूम्रपानाने झडप ढिली पडते आणि लाळही कमी होते. ते थांबवा.

आणि आंबट पाणी तोंडात आल्यावर लगेच दात घासू नका. आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा.

थांबून पाहणं, जेव्हा थांबायचं नसतं

घास अडकायला लागणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी झालेलं आढळणं, यातलं काहीही असेल तर पथ्यात दिवस घालवू नका. डॉक्टर एंडोस्कोपी करून आत पाहतील. वर्षानुवर्षं त्रास असलेल्यांनी, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा पोट सुटलेल्या पुरुषांनी, एकदा डॉक्टरांना याबद्दल विचारावं. आम्लाच्या माऱ्याने अन्ननलिकेचं अस्तर काहींमध्ये बदलतं. त्यातून कर्करोग होण्याची शक्यता थोडी असते, पण तो बदल आधी कळलेला बरा.

आणि छातीत दुखतंय, सोबत घाम फुटलाय, धाप लागलीय, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरतंय, जिना चढताना वाढतंय, तर ते हृदयाचं समजा आणि तातडीने रुग्णालय गाठा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये ही लक्षणं कधी कधी नुसत्या मळमळीसारखी किंवा अपचनासारखी वाटतात. ॲण्टासिड घेतल्यावर बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. ते ईसीजी आणि रक्ताच्या तपासणीनेच कळतं.