गावातल्या मिशनच्या शाळेचा पट घसरतोय? पुढच्या पाच वर्षांचं प्लॅनिंग असं करा

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि तेव्हाच कळतं यंदा पहिलीत किती लेकरं आली. मे महिन्याच्या उन्हात बाई-सर गावोगाव फिरून लेकरं शोधतात, तरी आकडा दरवर्षी थोडा खालीच. मग सगळे हळहळतात आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत विषय बंद. मी वर्षानुवर्षं अशाच शाळेत शिकवलं, आता पॅरिश (धर्मग्राम) कौन्सिलवर आहे, आणि मला मनापासून वाटतं की हे असं चालू देणं लेकरांवर अन्याय आहे. पट पार तळाला गेला की आपल्या हातात काहीच राहत नाही. चार पर्याय शिल्लक आहेत तोवरच बसून ठरवायला पाहिजे. कसं ठरवायचं ते लिहितो.

आधी कोणी बसायचं ते बघा. फादर आणि हेडमिस्ट्रेस सिस्टर दोघंच बसले तर काम अर्धवट राहतं, कारण दोघांचीही बदली होते आणि नवीन आलेल्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून सात-आठ जणांची कमिटी करा: फादर, सिस्टर, एक जुने आणि एक तरुण शिक्षक, हिशोब कळणारा एखादा माणूस आणि दोन-तीन पालक. पालकांमध्ये ख्रिस्ती नसलेले नक्की घ्या, आपल्या शाळांमध्ये बहुतेक लेकरं बौद्ध, कुणबी, आदिवासी, मुस्लिम घरातली असतात आणि खरं कारण तेच सांगतील. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असं चर्चचा कायदाच सांगतो (कॅनन 537), तिलाही यात ओढा. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा, सह्या घ्या, एक प्रत धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या ऑफिसला पाठवा. नागपूर आणि अमरावती हे लॅटिन विधीचे धर्मप्रांत, चांदा (चंद्रपूर) सीरो-मलबार, म्हणजे केरळातून आलेल्या कॅथलिक परंपरेचा, तिथे पूर्वेकडच्या चर्चचा वेगळा कायदा चालतो, त्यामुळे कोणाची परवानगी लागते ते आपापल्या बिशप हाऊसमधूनच पक्कं करून घ्या. शाळा एखाद्या सिस्टर्सच्या संघाची असेल तर त्यांच्या प्रोव्हिन्शियलना (संघाच्या प्रांतप्रमुखांना) पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

आता आकडे. इथे जास्त वेळ द्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

बरेच जण बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून बसतात. चर्चसाठी ते ठीक, पण शाळेच्या पटाचा अंदाज त्यावरून लागत नाही. अंगणवाडीत जा. ताईंकडे गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराची नोंद असते. ज्या सात-आठ गावांतून तुमच्याकडे लेकरं येतात तिथला आकडा वयाप्रमाणे लिहून घ्या. समजा आठ गावांत मिळून सहा वर्षांखाली 300 लेकरं निघाली, म्हणजे एका वयाची साधारण 50. गेल्या तीन वर्षांत पहिलीच्या वयाच्या लेकरांतून तुमच्याकडे दहातली चार आली असतील तर पुढची पाच वर्षं पहिलीत 20 च्या आसपासच येणार, कितीही फिरलात तरी. आणि सातवीत आज 41 असतील, तर ती 41 लेकरं पुढे निघून जातात आणि खालून 20 येतात, म्हणजे आज एकूण पट बरा दिसत असला तरी घसरण आत येऊन बसलेली आहे. हा तक्ता एका कागदावर काढून स्टाफरूममध्ये लावा, चर्चा आपोआप सरळ होते.

जन्मच कमी झालेत हेही मान्य करावं लागेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं आली. वरून तरुण जोडपी नागपूर-पुण्याला निघून जातात आणि लेकरंही तिकडेच शिकतात. हे आपल्या हातात नाही. पण जी लेकरं गावात आहेत आणि तरी आपल्याकडे येत नाहीत ती का येत नाहीत, हे शोधणं आपल्या हातात आहे. त्यासाठी गेल्या तीन वर्षांत टीसी नेलेल्यांची यादी काढा आणि घरी जा. तक्रार करायला आलो असं वाटू देऊ नका, ओसरीवर बसा, चहा घ्या, ऐका. बहुतेक ठिकाणी एकच ऐकायला मिळेल: “व्हॅन दारात येते न फादर, म्हणून तिकडे टाकलं.” 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा भराभर निघाल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या आता आपल्या पांदण रस्त्यापर्यंत येतात. दुसरं कारण आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं. 25 टक्के जागांची लॉटरी लागली की गरीब घरचं लेकरू तिकडे फुकट शिकतं, आणि 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही, त्यामुळे आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून आपल्या शाळेत गरिबांसाठी काय आहे हे आपणच ठरवून उघड सांगितलं पाहिजे. फी माफीची ठराविक टक्केवारी ठेवा आणि लिहून ठेवा, फादरच्या मर्जीवर सोडू नका. नाहीतर गरीब बाप लाजेपोटी विचारतच नाही आणि लेकरू काढून घेतो.

पैशाचा हिशोब शाळा कोणत्या प्रकारची आहे त्यावर जातो. अनुदानित असेल तर पगार सरकारचा, पण पदं संच मान्यतेवर (पटाप्रमाणे शिक्षकांची पदं ठरवणारी सरकारी मंजुरी), आणि संच मान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर, त्यातही आधार जुळलेल्या लेकरांवर. नावातलं एक अक्षर चुकलं, जन्मतारीख जुळली नाही, की ते लेकरू वर्गात बसलेलं असूनही मोजलं जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एका शिक्षकाला फक्त हेच काम द्या. सहावी ते आठवीचे वर्ग लहान असतील तर 15 मार्च 2024 चा संच मान्यतेचा जीआर नीट वाचून घ्या, 20 पेक्षा कमी पट असलेल्या वर्गांची पदं त्यातच अडकली आहेत.

विनाअनुदानित असेल तर साधा गुणाकार करा. समजा पगार, पीएफ, डिझेल, वीज, डागडुजी धरून वर्षाला 30 लाख लागतात आणि फी 12,000 आहे, म्हणजे 250 लेकरं पाहिजेत. आज 180 आहेत, तर दरवर्षी 8 लाख 40 हजाराचा खड्डा. तो कोण भरतंय? चर्च, संघ, की शिक्षकांचा अर्धा पगार? बहुतेक ठिकाणी उत्तर तिसरं असतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. बोला. फी वाढवायची तर 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून जावं लागतं आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. त्यापेक्षा वसुलीची वेळ बदला. कास्तकाराकडे जून-जुलैत पैसा नसतो, बी-बियाण्यात सगळा गेलेला असतो. सोयाबीन निघालं की एक हप्ता आणि कापसाचे चुकारे आले की दुसरा, असं ठेवा. थकबाकी बरीच कमी होते, आणि मुख्य म्हणजे फीसाठी लेकराला वर्गात उभं करायची वेळ येत नाही.

हे सगळं समोर आलं की मग पर्याय. शाळा तशीच ठेवून उभी करायची असेल तर जोर खालून लावा: नर्सरी-केजी चांगली करा, पहिलीपासून सेमी इंग्रजी आणा, आणि शक्य असेल तर एक गाडी. फक्त गाडी घ्यायच्या आधी तिचा तीन वर्षांचा खर्च काढा, हप्त्याखाली दबलेल्या शाळा मी बघितल्यात. दुसरा पर्याय मला स्वतःला जास्त पटतो, शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांनी एकत्र येण्याचा. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये दोन मिशन शाळा असतील आणि दोन्हीत वर्गात बारा-बारा लेकरं, तर लहान वर्ग दोन्हीकडे ठेवा आणि पाचवीपासून पुढे एकाच ठिकाणी, दुसऱ्या गावाहून गाडी. गणित-विज्ञानाचा चांगला शिक्षक दोन्हीकडे परवडत नाही, एकीकडे परवडतो. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालंय. 1960 च्या दशकात तिथल्या कॅथलिक शाळांत 52 लाखांच्या वर मुलं होती, आता 17 लाखांच्या आसपास. शिकवणाऱ्या सिस्टर कमी झाल्या, पगार वाढले, माणसं उपनगरांत गेली, आणि बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या पॅरिशच्या शाळा जोडून एक शाळा केली गेली. आपल्याकडे यात अडचण येते ती मानाची, आमच्या गावची शाळा का जायची तिकडे. म्हणून जोडलेल्या शाळेच्या कमिटीत दोन्ही गावांची माणसं बरोबरीने घ्या आणि फादर आलटून पालटून अध्यक्ष ठेवा. नवीन शिक्षक घेताना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेलेच घ्या, कारण 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळणाऱ्या 2014 च्या त्या सवलतीवरच शंका घेतली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवायला सांगितलं.

आणि कधीकधी बंद करणं हेच बरोबर असतं. ते वाईट नाही, वाईट असतं एप्रिलच्या शेवटी अचानक सांगणं. तोवर दुसऱ्या शाळांचे प्रवेश झालेले असतात आणि गरीब घरची पोरगी असेल तर तिचं शिक्षण तिथेच थांबायची भीती खरी आहे. बंद करायचंच असेल तर आधी पहिलीचा प्रवेश थांबवा, वरचे वर्ग पूर्ण होऊ द्या, आणि जानेवारीतच पालकसभा घेऊन आकड्यांचा तोच कागद सगळ्यांना दाखवा. सभा दिवसा ठेवू नका, कापूस वेचणीचे दिवस असतात, संध्याकाळी सातनंतर ठेवा म्हणजे बाया येतील. प्रत्येक लेकरू पुढे कोणत्या शाळेत जाणार याची नावानिशी यादी करा, सातवी-आठवीतल्या मुलींची आधी. शिक्षकांना 1977 चा एमईपीएस कायदा (खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा) आणि 1981 च्या नियमांचं संरक्षण आहे, नोटीस, देणी, समायोजन यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आधीच जा, आणि शिक्षकांना ही बातमी पालकांच्या आधी, आपल्या तोंडून कळू द्या.

इमारत आणि जागा यावर गावात सगळ्यात जास्त अफवा उठतात. ट्रस्टची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 ची परवानगी लागते, इमारत किंवा अकृषक जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायलाही लागते, शिवाय चर्चची परवानगी वेगळी. सातबारा आणि फेरफार आत्ताच काढून बघा, कितीतरी ठिकाणी नोंद जुन्याच नावावर आहे. माझं मत विचाराल तर विकू नका, अभ्यासिका करा, मुलींचं वसतिगृह करा, गावाच्या उपयोगी राहील असं करा.

शेवटचं काम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक लेकराची नोंदवही. जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, आणि जुन्या मिशन शाळेच्या रजिस्टरमधली आजोबाची ती एक ओळ कितीतरी घरांकडे असलेला एकमेव कागद असतो. शाळा चालू राहो, जोडली जावो की बंद होवो, ही रजिस्टरं आधी स्कॅन करून घ्या, मूळ प्रती वाळवी लागणार नाही अशा लोखंडी कपाटात ठेवा, आणि दाखला कोणाकडे मागायचा, कोणत्या वारी मिळेल, हे चर्चच्या आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहून लावा.