माळ्यावरची गेमची कॅसेट: कोणती जपावी आणि कशी

जुने व्हिडिओ गेम जपण्याची खरोखर गरज आहे का, याचे उत्तर प्रत्येक कॅसेटला सारखे लागू पडत नाही. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' निन्टेन्डो या जपानी कंपनीने पुढे अनेकदा विकला, त्यामुळे आपली कॅसेट बिघडली तरी तो गेम नाहीसा होणार नाही. मात्र अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम बाजारात विकत मिळत नव्हते, असे जुने गेम जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात आढळले. आपल्या तालुक्याच्या बाजारातून आलेल्या, एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचे सांगणाऱ्या विनापरवाना कॅसेटी तर कोणतीच कंपनी पुन्हा काढणार नाही. माझ्या मते आधी जपायला हव्यात त्या याच.

पहिले काम म्हणजे जागा बदलणे. टिनाच्या छपराखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात तिथेच ओल धरते, म्हणून खोके खालच्या कपाटात, भिंतीला न टेकवता ठेवावे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. त्यानंतर स्टिकरचे दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत, कारण बहुधा कागदच आधी जातो.

कॅसेट चालत नसेल तर आपण सगळेच फुंकर मारत आलो, पण तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजू शकतात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. गेमच्या यंत्राचा जुना अडॅप्टर थेट लावू नये. आधी मल्टिमीटरने व्होल्टेज आणि पिनचे धन-ऋण तपासून ते यंत्रावरील खुणेशी जुळवावे, कारण उलट ध्रुवाने यंत्र जळू शकते.

आतली माहिती उतरवण्यासाठी फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोच्या जुन्या जपानी गेम यंत्राच्या) ६० पिनांच्या कॅसेटीला चालणारा कार्ट्रिज रीडर, म्हणजे कॅसेटमधली माहिती संगणकावर घेणारे उपकरण, लागतो. वाचन दोनदा करावे, दोन्ही फायलींचे चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून संगणकाने काढलेला पडताळणीचा आकडा) जुळले तरच प्रत खरी मानावी आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून संगणक प्रोग्रॅमची प्रत काढू देते. मूळ प्रतच विनापरवाना असेल तर या सवलतीवर विसंबू नये, आणि कोणतीही प्रत वाटत सुटू नये.

शेवटी एक वही घ्यावी. कॅसेट कोणत्या बाजारातून, कितीला आणली, टीव्ही कोणाच्या घरचा होता, किती पोरे पाळीने खेळत, आणि भारनियमनात दिवे गेले की मारिओ पुन्हा पहिल्या टप्प्यापासून कसा सुरू करावा लागे, हे घरातल्या मोठ्यांना विचारून तारखेसह लिहावे. रीडर हे उतरवत नाही. वहीचे पान कॅसेटच्याच डब्यात ठेवावे.