कंत्राटावर वऱ्हाडातून कोल्हापूरकडे जाताय? निघण्याआधी आणि पोचल्यावर काय करायचं

मी अमरावतीचा, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम करतो, आणि गेल्या काही वर्षांत संभाजीनगरजवळचं वाळूज, पुण्याजवळचं चाकण, मग सांगली-कोल्हापूरकडचे साखर कारखाने असं सगळीकडे ठेकेदारामार्फत फिरून झालंय. बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो की दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, गोंदियापासून धरली तर गाडी २४ तासांच्या वर चालते आणि एवढं करून आपण राज्याच्या बाहेर जातच नाही. पण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "तुमच्याकडं विदर्भात काय काम मिळत नाही व्हय?" त्याला काय उत्तर द्यायचं ते पुढे सांगतो, आधी कागदांचं बघा कारण भांडणापेक्षा कागदाने जास्त लोक बुडालेत.

ठेकेदार फोनवर म्हणतो "ये रे, सगळं होऊन जाईल". होत नाही. निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर का होईना त्याच्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: रोजचा दर किती, ड्युटी ८ तासांची का १२ ची, ओटी म्हणजे ओव्हरटाइम कोणत्या हिशोबाने, राहायची सोय कोणाकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात नेमणूकपत्र द्यावंच लागतं, त्यामुळे मागताना लाजायचं काही कारण नाही. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कंपनीत तुम्ही काम करता त्या मूळ मालकावर तो द्यायची जबाबदारी येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि आताही आहे. म्हणून गेटपासचा, हजेरीच्या पानाचा फोटो दर महिन्याला मोबाईलमध्ये असू द्या, कंपनीचं नाव दिसेल असा. आत मोबाईल नेऊ देत नसतील तर रोजची ड्युटी निदान वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

उचल घेऊ नका. बीडकडचे ऊसतोड कामगार पिढ्यानपिढ्या पश्चिम महाराष्ट्रात येतात, मुकादम आधी उचल देतो आणि मग नवरा-बायकोची जोडी, तिला कोयता म्हणतात, सीझनभर ती फेडत बसते. आपण फिटर असो नाहीतर वायरमन, ॲडव्हान्स घेतला की आपलीही तीच गत, काम सोडून जायची सोय राहत नाही.

पीएफचं तर मी आता रोज सांगायला लागलोय. यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवायचा, नवीन ठेकेदाराला जुनाच द्यायचा, नाहीतर तो दुसरा काढून मोकळा होतो आणि मग दोन्ही जोडत बसा. मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणून २० तारखेच्या आसपास उमंग ॲपवर पासबुक उघडून बघायचंच. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापतात, तुमच्याकडून ०.७५ टक्के, तो नंबरही तोच चालतो, फक्त दवाखाना नवीन जागेजवळचा करून घ्या.

खोलीचं थोडक्यात. चाकण-भोसरीकडे एकट्याला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका पलंगाची जागा, मिळते, कारखान्याकडे गावात चौघं मिळून घ्यावी लागते. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी तो नोंदवायचा असतो आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं लिहिलंय. नोंदवला नसेल आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच आधी खरं धरतात. डिपॉझिट मात्र ऑनलाइनच द्या, रोखीने दिलं की विसरायचं.

आता बोलण्याचं. पहिल्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला, "कुठं आहेस?" मी एसटीत होतो, म्हणालो "येऊन राहिलो ना". आपल्याकडे त्याचा अर्थ येतोय, निघालोय. त्याने अर्थ काढला की हा येऊन राहिलाय, म्हणजे पोचलाय, आणि माणूस गेटवर पाऊण तास मला शोधत फिरला, वॉचमनवर ओरडला, मी पोचलो तेव्हा तोंड लाल. तेव्हापासून फोनवर मी "येतोय" म्हणतो आणि खोलीवर आपल्या पोरांशी "येऊन राहिलो". "बे" पण घरीच ठेवून या. आपल्याला तो जिवलगपणाचा वाटतो, तिकडे मोठ्या माणसाला "काय बे" म्हटलं तर हात उठेल. उलट कोल्हापुरात कोणी पहिल्याच भेटीत "काय भावा, जेवलास काय" असं अरेतुरे केलं तर ती माया समजा, अपमान नाही. कोल्हापूरची बाई "मी आलो, मी गेलो" म्हणाली तर हसायचं नाही, तिथे बायका असंच बोलतात. वयाने मोठ्या फिटरला आपण भाऊ म्हणतो, सांगलीकडे मामा म्हणा, पुण्यात काका, आणि पुण्यात ओळख होईपर्यंत अहोजाहो सोडू नका. एवढ्यावर अर्धं काम होतं खरंच.

बाकी राहिलं ते भाग-भागाचं भांडण. माझं म्हणणं असं की चहाच्या टपरीवर त्यात पडू नका, पण माहिती सगळी ठेवा, कारण ज्याला काहीच माहीत नाही तोच जास्त चिडतो. आपल्या बाजूचं दुखणं जुनं आहे. विदर्भ महाराष्ट्रात घेताना झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, त्यातून विधिमंडळाचं नागपूरचं अधिवेशन आलं, मग १९८४ चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल, मग १९९४ ला मागे पडलेल्या भागांसाठी वैधानिक विकास मंडळं आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. हे एवढं माहीत असलं की "तुम्ही आळशी" म्हणणाऱ्याशी वाद घालावासा वाटत नाही, एक वाक्य बोलून गप्प बसता येतं. मी तर आता "काम मिळत नाही व्हय"ला सरळ सांगतो, मिळतं पण कमी पैशात, तुम्ही जास्त देता म्हणून आलो. विषय संपतो.

पण समोरच्याचंही दुखणं असतं हे आपली पोरं विसरतात. आमच्यातला एक जण सांगलीत म्हणाला, "तुमचं बरं आहे, पाणीच पाणी", आणि ज्याला म्हणाला त्याचं घर ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेलेलं. तो काही बोलला नाही, डबा बंद करून उठून गेला. तसंच वाळूजला असाल तर जायकवाडीवर, म्हणजे पैठणच्या धरणावर, जोक नको. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं का नाही यावर दरवेळी कोर्टकचेरी, मोर्चे, २०२३ च्या नोव्हेंबरातही तेच झालं, आणि एकाच लाइनवर नगरचा आणि पैठणचा पोरगा उभा असतो. आणि १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन असतं, हा भाग निजामाकडून १९४८ ला सुटला म्हणून, त्याला "लेट स्वातंत्र्य" वगैरे म्हणू नका, मी ऐकलंय असं म्हणणारे.

खरी गोची कुठे होते ते सांगतो. एका कारखान्यात ओटीची यादी सुपरवायझरच्या केबिनबाहेर लागायची, एक आठवडा सगळी आपली नावं, पुढचा आठवडा सगळी तिथली. दोन्हीकडचे पेटायचे, "ते विदर्भवाले कमी दरात करतात", "हे लोकल मस्टरवर सही करून घरी जातात". मीही बोललो त्यात, खोटं कशाला सांगू. महिनाभर मेसमध्ये दोन टेबलं वेगळी. मग एका रात्रपाळीत पॅनल रूममध्ये सांगलीकडच्या एका मामांनी मला मोबाईल दिला, म्हणाले पासबुक दिसंना झालंय बघ जरा. उघडून दिलं, शेवटची एंट्री जूनची, आणि आम्ही ऑक्टोबरच्या शेवटात. माझं उघडलं, माझीही जूनचीच. पगारातून कापले होते दोघांचेही. मामा बराच वेळ स्क्रीन वरखाली करत बसले. दुसऱ्या दिवशी दोन्ही टेबलांवरच्या पोरांनी पासबुकं उघडली, १४ जणांचं सारखंच, आणि मग सगळे मिळून ठेकेदाराकडे नाही, सरळ कंपनीच्या एचआरकडे गेलो, पगारस्लिपांचे प्रिंट घेऊन. थकबाकी भरली गेली, वेळ लागला पण भरली. ओटीची यादी मात्र पुढेही तशीच लागायची, फक्त कोणी तिच्यासमोर उभं राहून शिव्या देत नव्हतं.

म्हणून गटात राहा पण गटापुरते राहू नका. खोली आपल्या पोरांसोबत घेतली तर डबा तिथल्या कोणासोबत खा. आजारी पडलात, रात्री दवाखाना शोधायचा झाला, मालकाने अचानक खोली सोडा म्हटलं, तर गावातलाच माणूस लागतो, अमरावतीचा मित्र फोनवरून काय करणार.

घरी जायचं तिकीट ६० दिवस आधी निघतं, दिवाळीचं तर पहिल्याच सकाळी काढा. साखर कारखान्यात मात्र दिवाळीच्या आसपासच सीझन सुरू होतो, सुट्टी मिळेल असं धरून चालू नका, जॉईन होतानाच विचारा.

काम संपल्यावर लोक घाईत निघतात आणि तिथेच चुकतात. गेटपास, हेल्मेट, बूट परत केल्याची पोच घ्या, नाहीतर फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशोबातून, कापतात. अनुभवाचा दाखला कंपनीच्या नावासकट मागा, फक्त ठेकेदाराच्या लेटरहेडचा पुढे कोणी विचारत नाही. आणि पीएफवर काम सोडल्याची तारीख ठेकेदाराने टाकली का ते बघा. नसेल टाकली तर शेवटचे पैसे जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच लॉगिन करून टाकता येते, त्यासाठी त्याच्या मागे फिरायची गरज नाही.