कमोडोर ६४ वर फाशांचा ‘पिग’ कसा खेळायचा

पिगला फासा एकच लागतो आणि खेळणारे दोन. आपल्या डावात पाहिजे तितक्या वेळा फासा टाकायचा, पडलेले आकडे बेरजेत धरत जायचे, पण १ पडला की त्या डावातली सगळी कमाई गेली आणि फासा समोरच्याकडे. मध्येच थांबलात तर जमलेले पॉइंट पक्के. जो आधी १०० गाठेल तो जिंकला.

कमोडोर ६४ हा १९८२ चा घरगुती कॉम्प्युटर, चालू केला की निळ्या स्क्रीनवर ‘रेडी’ दिसतं आणि तिथेच थेट बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा टाइप करायची, वेगळं काही लोड करायची भानगड नाही. मशीन नसेल तर व्हाइस नावाचा एम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका, चालतं. आधी न्यू टाइप करून रिटर्न, मग फाशाचं काम करणाऱ्या ह्या चार ओळी (अर्थात इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक ओळीनंतर रिटर्न):

१० एक्स=आरएनडी(-टीआय)
२० प्रिंट इंट(आरएनडी(१)*६)+१
३० गेट के$:इफ के$="" देन ३०
४० गोटू २०

कंस शिफ्ट धरून ८ आणि ९ वर आहेत, अवतरणचिन्ह २ वर, डॉलर ४ वर. अक्षरं मात्र शिफ्ट न धरता टाइप करा, नाहीतर अक्षराऐवजी चित्रविचित्र रेघा उमटतात आणि रन केल्यावर सिंटॅक्स एररची बोंब. लिस्ट टाइप करून ओळी एकदा नजरेखालून घाला, मग रन. पहिला आकडा लगेच येतो, पुढे कुठलंही अक्षर दाबलं की नवा. बंद करायला रन/स्टॉप, व्हाइसमध्ये ती एस्केप.

ओळ १० फालतू वाटते म्हणून गाळू नका हं! ती नसेल तर मशीन चालू केल्यावर पहिला फासा दरवेळी २ च पडणार आणि पुढचे आकडेही ठरलेल्याच क्रमाने, कारण आरएनडी, म्हणजे आकडे काढणारी बेसिकची आज्ञा, हे नुसतं गणित आहे आणि सुरुवात कायम एकाच जागेवरून करतं. टीआय म्हणजे आतलं घड्याळ, सेकंदाला ६० वेळा पुढे सरकणारं, त्यामुळे तुम्ही रन कधी दाबलंत त्यावर सुरुवात बदलते.

स्कोअर कागदावर लिहा. तेवढ्यासाठी प्रोग्राम वाढवत बसण्यात मजा नाही.

आता थांबायचं कधी? डावात २० जमले की थांबा. १ पडायची शक्यता सहात एक, म्हणजे सरासरी धरली तर २० भागिले ६ इतकं नुकसान, आणि २ ते ६ मिळून होणारी वाढही बरोबर २० भागिले ६. वीसच्या खाली टाकत राहणं फायद्याचं, वर गेलात की तोट्याचं. पण समोरचा ९५ वर असेल आणि तुम्ही ६० वर, तर हा हिशोब खुशाल गुंडाळून ठेवा आणि टाकत सुटा, कारण पुढचा डाव बहुतेक मिळतच नाही.