काढलेले बटाटे सडायचे, ते कसं थांबवलं

सलग दोन वर्षं माझे बटाटे साठवणीत सडले. काढणी झाली की मी ते स्वच्छ धुवायचो आणि लगेच थंड जागी ठेवायचो. महिनाभरात कुदळीचा घाव लागलेल्या बटाट्यांना पाणी सुटायचं, शेजारचेही नासायचे.

चूक कळायला वेळ लागला. जमिनीतून काढलेला बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो आणि आपली जखम स्वतः भरून काढतो. आधी घावाजवळच्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ साचतो. त्याने ओलावा बाहेर जाणं आणि जंतू आत शिरणं अडतं. मग त्याखालच्या पेशी नव्याने विभागून बुचासारखी साल तयार करतात. या कामाला ऊब, दमट हवा आणि ऑक्सिजन लागतो. थंडीत ते फार मंदावतं. म्हणजे मीच घाई करून जखम भरू देत नव्हतो!

यंदा धुतले नाहीत, माती नुसती हाताने झटकली. खोल चिरलेले वेगळे काढून आधी वापरले. बाकीचे अंधाऱ्या खोलीत, जाळीच्या क्रेटमध्ये, साधारण १५ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवले. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून बाजूला पाण्याच्या बादल्या ठेवल्या. बटाट्यांवर मात्र थेंबही नाही, कारण पाण्याचा थर बसला की हवा कोंडते. मगच थंड जागी हलवले.

चार महिने झाले. ओरखड्यांवर कोरडी खपली धरली आहे, सडका एकही सापडला नाही. रताळ्यांना मात्र हे तापमान चालत नाही. त्यांना ३० अंशांच्या आसपास ऊब लागते, पण आठवडाभर पुरतो.