पेट्रोल वसूल करायला पाण्यात उतरू नका: मोठ्या लाटांची तयारी आणि बोर्डाची निवड

जुलै उजाडला की कोल्हापुरात रामरामाच्या आधी प्रश्न येतो, "पाणी किती फुटावर हाय?" राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. शाळेतलं पोरगंसुद्धा हे सांगतं. आकडा वाचून सामान माळ्यावर चढवायचं की नाही हे ठरवायची आपल्याला सवय आहे. मी सर्फिंग करायला लागलो तेव्हा वाटलं, समुद्राचंही असंच असेल. लाट किती मीटरची ते बघायचं आणि निघायचं.

तिथंच फसलो. समुद्राचे आकडे दोन असतात, आणि उंचीपेक्षा दुसराच जास्त बोलतो.

माझं उद्यमनगरात पॅटर्नचं शॉप आहे. फाउंड्रीला लागणारे लाकडाचे, फायबरचे पॅटर्न करतो. आठवडाभर भुसा, रविवारी सुट्टी. समुद्र गाठायचा म्हणजे घाट उतरायचा नाहीतर पाचशे किलोमीटर खाली कर्नाटकातल्या मुल्कीला जायचं. समुद्राकाठच्या माणसानं सकाळी उठून खिडकीतून बघितलं की झालं. आपल्याला बुधवारीच घरात बसून ठरवावं लागतं. म्हणून हे आपल्यासारख्यांसाठी.

दुसरा आकडा म्हणजे पिरियड, एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते तो. जवळच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटांचा पिरियड 6 ते 8 सेकंद. लांबच्या मोठ्या वादळातून आलेल्या लाटेचा, म्हणजे स्वेलचा, 14-15 किंवा त्याहून जास्त. खोल पाण्यात 8 सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण 100 मीटर असते, 15 सेकंदांच्या लाटेची साधारण 350. लाटेला तळ लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीला. म्हणजे छोटी 50 मीटर खोलीवर जागी होते आणि मोठी 175 मीटरवरच. किनारा जवळ येतो तशी ही मोठी मान वर काढते. अंदाजात दोन्हीकडे "दीड मीटर" लिहिलेलं असू दे, 8 सेकंदांची दीड मीटर म्हणजे बुळबुळीत कालवाकालव, आणि 15 सेकंदांची दीड मीटर म्हणजे भिंत. शिवाय अंदाजात दिलेली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट सकाळभरात येऊ शकते. ती आपल्याच डोक्यावर येणार असं धरून चला.

लांब पिरियडचा एक फायदा आहे. 15 सेकंदांचा स्वेल खोल समुद्रात ताशी 42 किलोमीटरच्या आसपास सरकतो, दिवसाला हजार किलोमीटर. हिंदी महासागरात दक्षिणेला पाच हजार किलोमीटरवर सोमवारी वादळ घोंगावलं तर त्याच्या लाटा शनिवारी आपल्या किनाऱ्यावर. तोवर इकडं लख्ख ऊन, वारा नाही, आणि लाटा मात्र दांडग्या. केरळात अशा लाटांना कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था यांचे इशारे देते, रोजचा लाटांचा अंदाजही देते. मी बुधवारी रात्री जेवण झालं की तो बघतो आणि वहीत चार गोष्टी लिहितो: उंची, पिरियड, दिशा, सकाळचा वारा. गुरुवारी परत बघतो. दोन दिवसांत आकडा पळत असेल तर जात नाही.

अरबी समुद्रातलं चक्रीवादळ ही वेगळी गोष्ट. मे 2021 मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि 17 मे रोजी गुजरातला धडकलं. असल्या वेळी घरात बसायचं, घाटातसुद्धा उतरायचं नाही. वादळ लांब गेलं, वारा पडला, इशारे उठले, की मग पुढचं. आणि जून ते ऑगस्ट कोकण, गोवा विसरा. किनाऱ्यावर लाल बावटे असतात, जून-जुलैत तर मासेमारीसुद्धा बंद असते. मच्छीमार होडी वर ओढून बसलाय आणि आपण कोल्हापूरहून फळी घेऊन निघालोय, हे काय शहाणपण? आपला हंगाम म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या शेवटानंतरचा.

आता बोर्ड. पहिल्यांदा सगळ्यांना छोटा, टोकदार बोर्ड हवा असतो, कारण व्हिडिओत तोच दिसतो. लाट मोठी तसा बोर्ड लांब, हे डोक्यात पक्कं करा. मोठी लाट वेगानं येते, तिला पकडायचं तर आपणही आधीच वेगात असायला पाहिजे, आणि लांब बोर्ड हातानं लवकर पळतो. पण नुसता लांबही नको. नऊ फुटी गोल तोंडाचा लाँगबोर्ड उभ्या लाटेवर नाक खुपसतो. मोठ्या लाटेचा बोर्ड लांब, पण अंगानं निमुळता, छातीखाली जाड आणि शेपटीला टोकदार असतो. त्या शेपटीला पिनटेल म्हणतात, ती पाण्यात रुतून राहते, घसरत नाही. खऱ्या राक्षसी लाटांसाठीच्या नऊ-दहा फुटी बोर्डाला गन म्हणतात. ती आपल्याला लागत नाही. आपल्याला लागतो स्टेप-अप: रोजच्या बोर्डापेक्षा चार ते आठ इंच लांब, थोडा जाड.

बोर्डावर लिटर, म्हणजे त्याचं आकारमान, लिहिलेलं असतं, तेही बघा. नवशिक्यानं आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर तरी घ्यावेत, जास्तच बरे. मी 82 किलोचा. नवशिका नाही, पण आठवड्याला एकदाही पाणी न मिळणारा माणूस. मुल्कीतली पोरं माझ्या वजनाला 35 लिटरवर नाचतील, मी 50 च्या खाली उतरत नाही. सात फूट चार इंच, पिनटेल. पोरं हसतात. हसू देत.

जुना बोर्ड घेताना मी पॅटर्न तपासतो तसा तपासतो. दोन स्टुलांवर सुलटा, उभं राहायची बाजू वर करून ठेवायचा, नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणायचा आणि दोऱ्याखालची फट बघायची. नाकाकडचा उचल, म्हणजे रॉकर, उभ्या लाटेला जास्त लागतो. सपाट बोर्ड पळतो छान, पण उतरताना खुपतो. मग अंगठ्यानं सगळीकडं दाबत जायचं. जिथं मऊ लागेल, पापडासारखं करकर वाजेल, तिथं वरचं फायबर आतल्या फोमपासून सुटलंय. असा बोर्ड फुकट मिळाला तरी मोठ्या लाटेत नेऊ नका. फिनचे, म्हणजे बोर्डाखालच्या पंखांचे, खाचे हलवून बघा, लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी, जिथं अडकवतात ती कडी ओढून बघा.

फायबरवरून आठवलं. माझ्या बोर्डाला रुपयाएवढं भोक पडलं होतं. आमच्या गल्लीत फायबरचं काम करणारा आहे, त्याच्याकडं नेला. तो म्हणाला, "हे आत काय हाय ते बघितलंस का?" मी म्हणालो, "फायबरच हाय की, लाव तू." त्यानं नेहमीचा रेझिन, हार्डनर कालवला आणि ओतला. दोन मिनिटं काही नाही. मग भोकातून बारीक चुरचुर आली, थर्माकोलवर पेट्रोल सांडल्यावर येते तशी. रेझिन आत आत चाललं होतं. त्यानं काठी घालून बघितली तर काठी वीतभर आत गेली. रुपयाएवढ्या भोकाखाली नारळ मावेल एवढी पोकळी झाली होती. चूक त्याची नव्हती. बोर्ड दोन जातीचे: एकात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम असतो, त्याला साधा पॉलिएस्टर रेझिन चालतो. दुसऱ्यात ईपीएस, म्हणजे थर्माकोलचाच भाऊ, त्याला फक्त इपॉक्सी. भोकात साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ईपीएस समजा. आणि ओला बोर्ड बुजवू नका, चार दिवस भोक खाली करून टांगा.

आता लीश. ती बोर्डाइतकी लांब किंवा थोडी जास्त, आणि मोठ्या लाटेसाठी 8 मिलिमीटरच्या आसपास जाड. निघायच्या आदल्या रात्री ती चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढत न्या. नखाला बारीक खाच लागली तर ती दोरी बाद. वेल्क्रोत वाळू असेल तर जुन्या टूथब्रशनं काढा. एवढं करूनही ती तुटू शकते, म्हणून खरा प्रश्न हा की बोर्ड गेला तर तुम्ही पोहत येणार का? टँकात न थांबता एक किलोमीटर होत नसेल तर मोठ्या लाटेचा विषय तूर्त बंद. रंकाळ्यात पोहलोय, पंचगंगेच्या घाटावरून सूर मारलेत, हे सांगू नका. नदीची ओढ एका दिशेची असते, लाट वरून दाबते.

श्वास धरायचा सराव एकट्यानं कधीच नको, पाण्यात तर नाहीच. जोरजोरात दहा श्वास घेऊन बुडी मारणं तर सर्वात वाईट, माणूस पाण्याखाली न कळता बेशुद्ध होतो. लाट आपल्याला बहुतेक वेळा पाच-दहा सेकंदच दाबते. ती लांब वाटतात कारण आपण झटापट करतो. कुस्तीत खाली सापडलेला नवखा पैलवान जसा हातपाय झाडून दम घालवतो, तसंच. दोन्ही हात डोक्यावर, अंग सैल, पकड सुटली की हात पुढे करून वर या, म्हणजे बोर्ड डोक्यात बसणार नाही.

मोठा बोर्ड लाटेखाली दाबता येत नाही. समोरून फेस आला की बोर्डाच्या कडा धरून पालथे व्हा, बोर्ड वर, आपण खाली, आणि फेस गेला की पलटा. बोर्ड सोडून बुडी मारायची सवय लावू नका. सात फुटी बोर्ड आणि सात फुटी लीश मिळून चौदा फुटांवरचा मागचा माणूस तुमच्या टप्प्यात येतो.

मुल्कीजवळ ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. इंडियन ओपन ऑफ सर्फिंग तिथं झालेली आहे. नदीच्या मुखापाशी वाळूचे दांडे असल्यानं लाट सुंदर फुटते, पण ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं आणि येणाऱ्या लाटेला आडवं जातं. भरतीची वेळ कोकणी हिशेबानं काढता येते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ढोबळ आहे, पण जागेवर मोबाईलला रेंज नसते तेव्हा कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, ओढही जास्त.

दोन वर्षांपूर्वी मी आणि मेहुणा रात्रभर गाडी मारून पहाटे तिथं पोचलो. पाणी शांत. मेहुणा म्हणाला, "चल की, आलोय कशाला?" वाळूवर जाळं शिवत एक मोगवीर काका बसले होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "बैठो. आधा घंटा." लांब पिरियडचा स्वेल टोळीनं येतो, पाच-सात लाटा आणि मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. त्या मोकळ्या वेळात आम्ही पोचलो होतो. विसाव्या मिनिटाला क्षितिजावर काळी रेघ उठली. पहिली लाट जिथं फुटली ती जागा आम्ही बसायला ठरवलेल्या जागेच्याही शंभर मीटर बाहेर होती. मधलं सगळं पांढरं झालं. मेहुण्यानं न बोलता पायाची लीश सोडली. त्या दिवशी आम्ही नीर डोसा खाऊन परत निघालो. हजार किलोमीटरचं पेट्रोल गेलं.

म्हणून पहिला अर्धा तास घड्याळ लावून वाळूवर बसा. कुठून आत जायचं, कुठून बाहेर यायचं हे दोन्ही ठरवा. जिथं लाट फुटत नाही, पाणी गडद आणि गढूळ दिसतं, ती बाहेर ओढणारी धार. आत जायला ती बरी, त्यात अडकलात तर तिच्याशी न भांडता आडवं सरका. एकट्यानं उतरू नका. आणि निघायच्या आधी दोघांनी ठरवून ठेवा, की एकजण "नको" म्हणाला तर दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही.

गाडीवर बोर्ड बांधताना वॅक्सची, म्हणजे पाय ठेवायची बाजू खाली, फिन पुढे. पट्टा हातानं जेवढा आवळेल तेवढाच, घाटात दोनदा थांबून बघा. उन्हात गाडी लावून जेवायला बसू नका, मे महिन्यात बंद गाडीतल्या बोर्डावर फोड येतात. परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन फिनचे स्क्रू काढून ठेवा. मी एकदा तसेच ठेवले होते, ते पुढं ड्रिलनं काढावे लागले.